टोकियो ते होनोलुलू, सात तास

शनिवारी रात्री दहा वाजता टोकियोहून निघालेलं विमान होनोलुलूला शनिवारीच सकाळी दहा वाजता उतरत होतं. कागदावर तसं टाइप केलेलं होतं, स्वच्छ, कुठंही खाडाखोड नसलेलं. धोंडिराम गायसमुद्रे त्या ओळीकडे बघत उभा राहिला. त्याच्या डाव्या हातात स्टिक होती, छपाईचे खिळे जुळवायची लोखंडी पट्टी. तिच्यात अर्धी ओळ भरून झाली होती. उरलेली अर्धी भरायला हात उचलत नव्हता.

अडुसष्ट सालची गोष्ट. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत, मरोळच्या अंगाला, पत्र्याच्या छपराचा तो छापखाना होता. एका प्रवासी कंपनीचं काम आलं होतं: जगभरच्या विमानांच्या वेळा, खिशात मावेल असं चौसष्ट पानांचं पुस्तक. गाव, अंतर मैलांत, निघायचा वार आणि वेळ, पोचायची वेळ. विमान दुसऱ्या दिवशी पोचत असेल तर वेळेपुढं अधिकचं चिन्ह आणि एकचा आकडा. सगळ्या वेळा त्या त्या गावच्या घड्याळाप्रमाणं दिल्या होत्या. ते पहिल्या पानावर इंग्रजीत लिहिलंही होतं. ते पान धोंडिरामनंच जुळवलं होतं.

पण इंग्रजी त्याला फक्त जुळवता येत असे. अक्षरं तो उलटी वाचायचा, कारण खिळ्यावर अक्षर उलटं असतं, आणि अर्थाशी त्याचा संबंध नव्हता. सिडनी हे गाव आहे की साबण, हे त्याला सतरा वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. आकडे मात्र त्याचे होते. लातूरच्या आडतीत तुरीच्या पोत्यांची वजनं ओरडून सांगायचं काम त्यानं पोरवयात केलं होतं, तेव्हापासून आकडा चुकला की त्याला दातात खडा आल्यासारखं होई. एका कॅलेंडरात जूनला एकतीस दिवस होते, ते त्यानं पकडलं. एका शाळेच्या निकालपत्रात पहिल्या आलेल्या मुलीचे गुण दुसरीपेक्षा कमी होते, तेही त्यानंच. दोन्ही वेळा प्रूफ काचेच्या दारापलीकडून तपासून, सही होऊन आलेलं होतं.

काचेच्या दारापलीकडं वाचकांची खोली होती. वाचक म्हणजे प्रूफ तपासणारे, सगळे त्यांना रीडर म्हणत. तिथं दोन खुर्च्या, एक खिडकी आणि भिंतीवरचा पंखा. हेड रीडर राजाराम सामंत वेंगुर्ल्याचे, डोळ्यांवर जाड चष्मा, बोलणं मऊ. दुसरे रीडर दिवाळीला निवृत्त होणार होते. ती खुर्ची रिकामी होणार हे सगळ्या छापखान्याला माहीत होतं, आणि राजारामभाऊंनी एकदा चहा पिताना म्हटलंही होतं, "धोंडिराम, हे विमानाचं काम चोख काढ. मी शेठजींकडं तुझं नाव घालतो. आता तुम्ही लोक शिकलात, पुढं यायला हवं."

शेवटच्या वाक्याकडं धोंडिरामनं दुर्लक्ष केलं. खुर्ची मात्र डोक्यात बसली. सतरा वर्षं तो उभा होता. पोटऱ्यांवरच्या शिरा दोरखंडासारख्या वर आल्या होत्या. घाटकोपरला असल्फ्याच्या चढावर त्याची खोली होती. घरी गेल्यावर त्याची बायको चंपा बादलीत मिठाचं गरम पाणी ओतून द्यायची आणि तो तासभर पाय सोडून बसायचा. त्या पाण्यात पाय घालून तो मनात रीडरच्या खोलीतलं काम करायचा. लाल पेन्सिल, समासातल्या खुणा. कंपॉझिंगच्या, म्हणजे खिळे जुळवणाऱ्यांच्या, बाजूनं अजून एकही माणूस त्या दारापलीकडं कामाला बसला नव्हता.

तर ती ओळ. रात्री दहाला निघून सकाळी दहाला पोचायचं म्हणजे मधे बारा तास गेले. बारा तास गेले म्हणजे वार बदलला. रविवार. इतर कितीतरी ओळींपुढं अधिक एक होता, या ओळीपुढं नव्हता. टाइप करणारा विसरला, यापलीकडं त्यात काही असू शकतं असं त्याला वाटलं नाही. त्यानं पानं चाळली. त्याच पट्ट्यात अशा सहा ओळी होत्या, सहाही ठिकाणी तोच विसर. माणूस एकदा चुकला की त्याच ठिकाणी पुन्हा चुकतो, हे तो अनुभवानं जाणून होता.

त्यानं सहाही ठिकाणी अधिक एक घातला.

परस्पर घातला नाही. प्रूफ निघाल्यावर तो स्वतः काचेच्या दारापलीकडं गेला. राजारामभाऊंनी मूळ कागद, म्हणजे कॉपी, आणि प्रूफ शेजारी ठेवलं, चष्मा वर केला.

"कॉपीत नाही हे."

"विसरलेत, भाऊ. शनिवारी रात्री निघालेला माणूस शनिवारी सकाळी कसा पोचंल? निघायच्या आधीच?"

राजारामभाऊ थोडे हसले. "आधी पोचला तर तिकिटाचे पैसे परत मागायला हवेत त्यानं." मग त्यांनी सही केली आणि म्हणाले, "शाबास. असा डोळा पाहिजे."

पाच हजार पुस्तकं छापली गेली.

दिवाळीच्या पंधरा दिवस आधी प्रवासी कंपनीचा माणूस टॅक्सीनं आला आणि सरळ मालकांच्या केबिनमध्ये गेला. मालक म्हणजे नंदकिशोरशेठ. केबिनचं दार बंद होतं तरी आवाज कंपॉझिंगपर्यंत येत होता. घाटकोपरच्या एक सत्तरीच्या बाई मुलाकडं चालल्या होत्या, टोकियोवरून होनोलुलूला. घरच्यांनी ते पुस्तक बघून मुलाला तार केली: रविवारी सकाळी दहा. बाई शनिवारी सकाळी दहाला उतरल्या. त्यांना भाषा येत नव्हती. त्या एका बाकावर बोचकं मांडीवर घेऊन बसल्या आणि दुसऱ्या दिवशी मुलगा येईपर्यंत बसूनच राहिल्या. कुणी पाणी दिलं ते घेतलं नाही, कुणाच्या हातचं आहे कळेना म्हणून. मुलगा आला तेव्हा त्यांना ताप भरला होता.

धोंडिरामला बोलावलं गेलं. राजारामभाऊ आधीच तिथं उभे होते, टेबलावरच्या पेपरवेटकडं बघत.

"कॉपीत नसलेला आकडा तू घातलास?" नंदकिशोरशेठनी विचारलं.

"व्हय, शेठ. पण दाखवून घातला. राजारामभाऊंना..."

"तुला डोकं चालवायला कुणी सांगितलं? कंपॉझिटरनं काय करायचं? कॉपी तशी लावायची. कॉपीत लिहिलं सूर्य पश्चिमेला उगवतो, तर तसं लावायचं."

धोंडिरामनं राजारामभाऊंकडं पाहिलं. राजारामभाऊ हळूच म्हणाले, "शेठजी, शेकड्यांनी आकडे होते. ह्याच्यावर विश्वास टाकला, तो माझा दोष."

तेवढंच. खोटं त्यात एक अक्षर नव्हतं आणि खरंही नव्हतं. सही केलेलं प्रूफ रीडरच्या खोलीत भिंतीतल्या खिळ्याला टोचलेलं असे. ते बघायला कुणीच मागितलं नाही. धोंडिरामलाही त्या क्षणी ते सुचलं नाही, कारण त्याचं मन दुसरीकडंच अडकलं होतं. प्रवासी कंपनीच्या माणसाला त्यानं विचारलं, "साहेब, पण ती बाई निघाली कवा? खरंच शनिवारी रात्री?"

"शनिवारी रात्री दहाला."

"आन् पोचली शनिवारी सकाळी."

"हो."

"मग ती हवेत किती वेळ होती?"

त्या माणसानं नंदकिशोरशेठकडं पाहिलं, की या माणसाला बाहेर कधी काढणार. "सात तास," तो म्हणाला.

पाच हजार पुस्तकांत प्रत्येकी सहा ठिकाणी कागदाच्या बारीक पट्ट्या चिकटवायच्या ठरल्या. बाइंडिंगच्या बायकांबरोबर धोंडिराम तीन आठवडे सुट्टीनंतर खळ लावत बसला. लहू म्हणून मशीनमन होता, वेसाव्याचा कोळी, तो जाता जाता थांबायचा.

"काय रं धोंड्या, किती विमानं मागं ओढलीस आज?"

"चारशे."

"माझ्या होडीला पण चिकटव एक पट्टी. परवा निघालो, अजून पोचलो नाय."

धोंडिराम हसला नाही. "लहू, मला एक सांग. आधी कसं पोचतं माणूस?"

लहू हात पुसत उकिडवा बसला. "मना काय ठावं? पन घड्याल सगलीकडं एक नसतंय. आमची भरती बघ, रोज पाऊण तास उशिरा येते. तुझ्या घड्यालात बारा वाजले म्हणून दर्या थांबत नाय. आमी तिथी बघतो, वार नाय बघत."

दिवाळीनंतर रिकाम्या खुर्चीवर बळवंतराव आले. मुलुंडच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक, पांढरं धोतर, खिशाला दोन पेनं. तीस वर्षं त्यांनी भूगोल शिकवला होता. पहिल्या दिवशी ते कंपॉझिंगमध्ये फिरून सगळ्यांना नमस्कार करून गेले. धोंडिरामनंही नमस्कार केला. त्या रात्री मिठाच्या पाण्यात पाय घालायला त्यानं नकार दिला. चंपानं बादली तशीच मोरीत ओतली.

जे झालं त्यापेक्षा ते समजत नाही याचा त्याला जास्त त्रास होता. आकड्यांनी त्याला कधी फसवलं नव्हतं. माणसांनी फसवलं, गावानं फसवलं, मुंबईनं रोज थोडं थोडं फसवलं, पण बारा आणि बारा चोवीसच झाले. आता कुठंतरी समुद्रापलीकडं असं एक ठिकाण होतं जिथं ते होत नव्हते, आणि तिथं एक म्हातारी बाकावर बसलेली होती. ती घाटकोपरची होती. बाजारातून येताना पांढऱ्या साडीतली कुणी बाई दिसली की तो नजर वळवायचा.

चंपाचा भाऊ रतन पवईच्या इन्स्टिट्यूटमध्ये माळी होता. त्याच्याकरवी एक जुना नकाशांचा संग्रह मिळाला, पुठ्ठा सुटलेला, इंग्रजी. तिथल्या मेसमध्ये जेवायला येणाऱ्या एका विद्यार्थ्यानं रतनला मागच्या पानावर मराठीत चार ओळी लिहून दिल्या होत्या: पृथ्वी चोवीस तासांत तीनशे साठ अंश फिरते. एका अंशाला चार मिनिटं. पूर्वेला गेलं की घड्याळ पुढं. पॅसिफिक समुद्रात एक रेघ मानली आहे, ती पूर्वेकडं ओलांडली की तोच वार पुन्हा.

या चार ओळी घेऊन धोंडिराम सहा महिने बसला. चपट्या नकाशावर त्याचं समाधान होईना, कारण टोकियो उजव्या कडेला होतं आणि होनोलुलू डाव्या कडेला, मधे सगळं जग. म्हणून एका रविवारी त्यानं पाण्याचा माठ उपडा घातला आणि त्यावर खडूनं रेघा ओढायला सुरुवात केली.

चंपा नळावरून आली. "अवो, हे काय? माठ हाय तो."

"पृथ्वी हाय. थांब जरा."

"पोरांनी पाणी कशातनं प्यावं मग? पृथ्वीतनं?"

"आज हंड्यातलं दे."

"सासूबाई बऱ्या व्हत्या," चंपा म्हणाली, "त्या म्हणायच्या माझं पोरगं सादं हाय."

पण हंडा तिनं भरला. दुपारभर तो माठाला दोरा लावून अंतरं मोजत होता. कोपनहेगनहून टोकियोला जाणारं विमान अलास्कात अँकरेजला का थांबतं, हे कोडं पुस्तकात त्याला दिसलं होतं. नकाशावर ते भलत्याच वाटेनं गेल्यासारखं दिसायचं. माठावर कोपनहेगनपासून अँकरेजपर्यंत दोरा ताणला तर तो सरळ माठाच्या बुडावरून, उत्तर टोकाजवळून गेला, आणि तिथून टोकियोची वाट दक्षिणेकडच्या वाटेपेक्षा आखूड निघाली. धोंडिराम दोऱ्याची दोन्ही टोकं धरून बराच वेळ बसून राहिला. मग त्यानं हिशोब केला. टोकियोत शनिवारी रात्रीचे दहा, तेव्हा होनोलुलूचं घड्याळ एकोणीस तास मागं, शनिवारचीच पहाट, तीन. तिनात सात मिळवले, दहा. शनिवार सकाळ.

बारा आणि बारा चोवीसच होते. फक्त एक वजाबाकी त्याला कुणी सांगितली नव्हती.

"समजलं," तो म्हणाला.

"मग आता धुऊ का?" चंपानं विचारलं.

पुढं त्यानं शंभर पानी वहीत एक तक्ता केला. दोन दोन गावं, मधलं अंतर, घड्याळांतला फरक आणि विमान खरोखर हवेत किती तास असतं ते. लंडन ते न्यूयॉर्क. सिडनी ते फिजीतलं नाडी. कैरो ते कराची. तो स्वतः विमानात कधी बसला नव्हता आणि बसणार नव्हता. विमानं रोज छापखान्याच्या पत्र्यावरून इतकी खाली जात की खिळे केसच्या, म्हणजे खणांच्या लाकडी पेटीच्या, घरांत थरथरत, आणि त्याला आता माहीत असायचं की हे कुठून आलं असणार आणि आतल्या माणसांच्या घड्याळात किती वाजले असतील. हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. तक्ता मात्र एकदा राजारामभाऊंना दाखवला. त्यांनी पानं उलटली, म्हणाले, "अक्षर छान आहे तुझं," आणि वही परत दिली.

सत्तर सालच्या नोव्हेंबरात पुस्तकाची नवी आवृत्ती आली. कॉपी धोंडिरामच्या पुढ्यात ठेवताना राजारामभाऊ म्हणाले, "ह्या वेळी जसं आहे तसं. समजलं ना?"

"समजलं, भाऊ."

चौथ्या दिवशी त्याला ती ओळ लागली. परतीचं विमान, होनोलुलूहून टोकियोला. रविवारी दुपारी बारा वाजता निघतं, साडेतीनला पोचतं. पुढं काही खूण नाही. कुणीही वाचून पुढं जावं अशी ओळ: बारा ते साडेतीन, साडेतीन तास, रविवार दुपार. धोंडिरामनं वहीही उघडली नाही. तीन हजार आठशे पन्नास मैल साडेतीन तासांत म्हणजे ताशी अकराशे मैल. इतक्या वेगानं प्रवासी नेणारं विमान अजून कुठं सुरू झालेलं नव्हतं. आणि होनोलुलूत रविवारचे बारा वाजतात तेव्हा टोकियोत सोमवारची सकाळ उजाडलेली असते, सात वाजलेले असतात. साडेआठ तास उडून ते विमान सोमवारी साडेतीनला उतरत होतं. अधिक एक हवा होता. मागच्या वेळी चुकीचं दिसत होतं ते बरोबर होतं, ह्या वेळी बरोबर दिसत होतं ते चूक होतं.

त्यानं ओळ कॉपीप्रमाणं लावली. प्रूफ निघाल्यावर ते घेऊन तो काचेच्या दारापलीकडं गेला.

"भाऊ, इथं अधिक एक पाहिजे."

राजारामभाऊंनी प्रूफकडं पाहिलंच नाही. "पुन्हा?"

"मी घातला नाही. फक्त सांगतोय. कंपनीला एक फोन करून इचारा."

"काय विचारू? आमचा कंपॉझिटर म्हणतो तुमचं विमान चुकतंय? फोन शेठजींच्या केबिनमध्ये आहे. तू जाऊन बोलशील त्यांच्याशी?"

"तुमी बोला. मागल्या खेपेला तुमचीबी सही होती."

राजारामभाऊंनी चष्मा काढला, पुसला. "धोंडिराम, मला दोन वर्षं राहिली आहेत," ते म्हणाले. "कॉपी तशी ठेव. चूक असेल तर त्यांची असेल. आपली असणार नाही. एवढंच बघायचं आपण."

ते केबिनकडं गेल्यावर धोंडिराम दुसऱ्या खुर्चीकडं वळला. "गुरुजी, तुमी तर भूगोल शिकवला. तुमी बघा."

बळवंतरावांनी कागद ओढून घेतला. त्यांच्या ओठांची हालचाल दिसत होती. बोटांवर त्यांनी काहीतरी मोजलं, पुन्हा मोजलं. तीस वर्षं वाररेषा त्यांनी फळ्यावर नागमोडी काढली होती, पण तिच्यावरून कुणाला पलीकडं जाताना पाहायची वेळ आली नव्हती.

"सोमवार," ते अखेर म्हणाले. "तुझं बरोबर आहे."

"मग लिवा समासात."

बळवंतराव पेनाशी चाळा करत राहिले. "हे बघ, मला इथं दोनच वर्षं झालीत. पेन्शन तुटपुंजी, घरी सहा माणसं. राजारामभाऊ नाही म्हणालेत. त्यांच्यावरून मी कसं लिहू?"

"खरं काय ते तुमाला कळलंय ना?"

"कळलंय रे," ते म्हणाले. "म्हणूनच सांगतो, तू मला विचारलंस हे कुणाला सांगू नकोस."

दुसऱ्या दिवशी फर्मा, म्हणजे जुळवलेल्या पानांचा आवळलेला साचा, मशीनवर चढणार होता. उरलेली सकाळ धोंडिरामच्या हाताला काम लागलं नाही. एक आकडा आणि एक चिन्ह, दोन खिळे, त्याच्या डाव्या हाताच्या घरांत पडलेले. चिमटीत धरून सरकवले असते तर कुणाला कळलं नसतं. पण तसं त्यानं केलं असतं तर ते पुन्हा कंपॉझिटरनं परस्पर घातलेलंच ठरलं असतं, आणि त्याला ते बरोबर आहे म्हणून तिथं हवं होतं.

जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता त्यानं प्रूफ घडी करून सदऱ्याच्या आत घातलं आणि सांताक्रूझच्या विमानतळावर गेला. मरोळहून थोडं बसनं, थोडं पायी. रोज त्याच्या डोक्यावरून जाणारी विमानं जिथं उतरत, तिथं तो पहिल्यांदाच आला होता. फरशी इतकी गुळगुळीत होती की त्यानं चपला हातात घ्याव्यात की काय, असा क्षणभर विचार केला. पुस्तकातली विमान कंपनी त्यानं पाटीवरच्या अक्षरांवरून ओळखली. ती अक्षरं त्यानं दोनशे वेळा जुळवली होती. सुलटी बघताना जरा वेळ लागला.

काउंटरवरच्या तरुणाच्या कोटावर चंद्रप्रकाश अशी नावाची पट्टी होती. धोंडिरामनं प्रूफ उलगडून पुढं केलं. "साहेब, ही ओळ बघा फक्त. होनोलुलू–टोकियो."

चंद्रप्रकाशनं एक जाडजूड पुस्तक काढलं, बोट फिरवलं. "नेक्स्ट डे आहे. प्लस वन पाहिजे इथं. कुणी छापलं हे?"

"अजून छापलं नाही. उद्या छापणार."

"मग लावा प्लस वन."

"तुमी लिहून द्या साहेब. तुमच्या हातानं."

चंद्रप्रकाशनं समासात निळ्या पेननं अधिक एक लिहिला, बाजूला छोटी सही केली. मग त्यानं धोंडिरामच्या शाई लागलेल्या नखांकडं पाहिलं. "तुम्ही रीडर आहात प्रेसमध्ये?"

"नाही. कंपॉझिटर."

"मग रीडर काय करतात?"

प्रूफ घडी करून धोंडिराम परत निघाला. पाऊण तास उशीर झाला होता.

धोंडिरामनं प्रूफ सरळ केबिनमध्ये नेलं. नंदकिशोरशेठनी निळी सही पाहिली, फोन लावला, प्रवासी कंपनीशी बोलले. बोलताना दोनदा हसले, दोनदा थँक यू म्हणाले. फोन ठेवून त्यांनी राजारामभाऊंना सांगितलं, "अधिक एक घाला. त्यांच्या टायपिस्टची चूक होती. पार्टी खूश आहे, आपल्या रीडिंग डिपार्टमेंटचं कौतुक करत होती." राजारामभाऊंनी मान डोलावली. दारात उभ्या असलेल्या धोंडिरामकडं मग शेठजी वळले.

"कामाच्या वेळात प्रेसच्या बाहेर गेलास. गिऱ्हाइकाचं प्रूफ बाहेर नेलंस. न छापलेला कागद ह्या दारातून बाहेर जात नाही, हे तुला सतरा, अठरा, किती वर्षं..."

"एकोणीस, शेठ."

"एकोणीस वर्षं माहीत आहे."

"माहीत हाय. पण नेलं नसतं तर..."

"नेलं नसतं तर काय झालं असतं ते मला सांगू नकोस. उद्या प्रत्येक जण कागद घेऊन गावभर फिरेल. माफीपत्र दे. तोपर्यंत कंपॉझिंग बंद, खिळे सोडायच्या कामाला लाग."

खिळे सोडणं म्हणजे छापून झालेला मजकूर मोडून एकेक खिळा परत त्याच्या घरात टाकणं. नवशिक्यांचं काम. ज्या फर्म्यासाठी तो विमानतळावर गेला होता, त्यात अधिक एक दुसऱ्याच कंपॉझिटरनं घातला. लहू मशीनवरून ओरडला, "धोंड्या, तुझं विमान सोमवारी पोचलं रं." दोघंतिघं हसले, पण वाईट हसणं नव्हतं ते.

माफीपत्र शेठजींच्या टायपिस्टनं मराठीत तयार करून आणलं. धोंडिरामनं ते उभ्यानंच वाचलं. मी परवानगीशिवाय प्रूफ बाहेर नेले याबद्दल माफी मागतो. माझ्याकडून आजवर वेळापत्रकाच्या आकड्यांत दोन वेळा गंभीर गैरप्रकार झाला आहे. यापुढे असे होणार नाही.

त्यानं बळवंतरावांची लाल पेन्सिल मागून घेतली. पहिलं वाक्य तसंच ठेवलं. दुसऱ्या वाक्यातला दोन छेदला, समासात एक लिहिला, ती वेळ कोणती ते कळावं म्हणून त्याखाली साल घातलं, १९६८. खुणा शिस्तीत होत्या, रीडर करतात तशाच. खाली सही केली आणि कागद राजारामभाऊंच्या टेबलावर ठेवला.

राजारामभाऊंनी कागद उचलून वाचला. "हे चालायचं नाही, धोंडिराम. सही कर आणि सुटून जा. उद्या सकाळी तुझ्या खिळ्यांच्या केसपुढं उभा राहशील."

"पहिली चूक माझी, भाऊ. ती बाई माझ्यामुळं बसली. ते मी कुठंबी लिवून देतो. दुसरी माझी नाही."

"कागदावर काय असतं? कोण वाचतंय तो?"

"मी वाचला ना."

दुसऱ्या दिवशी कागद पुन्हा टाइप होऊन आला. दोन तसाच होता. धोंडिरामनं पुन्हा दोन छेदून एक लिहिला, साल लिहिलं, सही केली.

घरी त्यानं चंपाला सांगितलं. ती भाकरी थापत होती. "एका आकड्यासाठी?" तिनं विचारलं.

"व्हय."

"आन् उभं किती दिवस राहायचं तिथं, पोरासोरांच्या कामाला?"

चंपानं भाकरी तव्यावर टाकली, हात झटकले. "त्या म्हातारीला तरी कुणी सांगावं," ती म्हणाली, "की यानं दुसऱ्या येळंला कुणाला बसू दिलं नाही म्हणून." मग जरा थांबून, "पर कोण सांगतंय."

तिसऱ्या वेळी कागद आला नाही. आठवडाभर धोंडिराम रोज सकाळी काचेच्या दाराशी जाऊन विचारायचा, "भाऊ, कागद आला का?" राजारामभाऊ मान हलवायचे, नजर प्रूफवरून न काढता. दुसऱ्या आठवड्यात बळवंतरावच उत्तर देऊ लागले, आणि त्यानंतर त्यानं विचारणं सोडलं. त्याला कामावरून काढलं नाही, केसपुढंही बोलावलं नाही. त्र्याहत्तर साली छापखाना हलेपर्यंत तो खिळे सोडायच्या टेबलाशी उभा होता. वेळापत्रकाच्या आणखी तीन आवृत्त्या त्यानं तिथं मोडल्या. मोडताना तो वेळा वाचायचा, आणि त्या सगळ्या बरोबर असायच्या.